वरची फळी

कारखान्यात त्यांना सगळे कुलूपराव म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. पंपाच्या कारखान्यातलं स्टोअर त्यांनी चौतीस वर्षं सांभाळलं आणि चिठ्ठीशिवाय एक वॉशरसुद्धा बाहेर जाऊ दिला नाही. साडेचार हजार वस्तू, प्रत्येकीची ठरलेली फळी, फळीवर कार्ड. कार्डावर तीन ओळी: वस्तू, जागा, कमीत कमी साठा. डोळे मिटून हात घातला तरी हवा तोच बोल्ट काढून देईन, असं ते सांगत. वीज गेलेल्या एका दुपारी त्यांनी ते करूनही दाखवलं होतं.

पायाचं दुखणंही स्टोअरमधलंच. कामगारांना लोखंडी टोकाचे बूट तेच वाटत. एका वर्षी आठ नंबरचे कमी आले. स्टोअरकीपरने आधी स्वतःचा जोड काढून घेतला, असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी सात नंबर घेतला. तो त्यांच्या नावावर कार्डात चढला, आणि कार्डात चढलेला नंबर कुलूपराव बदलत नसत. पुढची सगळी वर्षं सातच. उजव्या पायाचा अंगठा तिरका होत होत शेजारच्या बोटावर गेला आणि त्याच्या बुडाशी हाडाचं टेंगूळ आलं. बायको म्हणायची, एकदा दाखवून घ्या. ते म्हणायचे, बघू. बायको जाऊन नऊ महिने झाल्यावर त्यांनी पाय दाखवला, कारण आता ‘बघू’ म्हणायलाही घरात समोर कुणी उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी हाड कापून सरळ केलं आणि दोन स्क्रू बसवले. कुलूपरावांनी स्क्रूचं माप विचारून घेतलं. पंधरा दिवस पाय उशीवर उंच ठेवायचा, आणि चालायचं ते फार तर संडासापर्यंत, तेही टाचेवर, जाड तळाची चप्पल घालून.

लेकीने तिच्या घरी खिडकीजवळची खोली तयारच ठेवली होती. पंधरा दिवसांसाठी नाही, कायमची. तिच्या मायेत खोट नव्हती, म्हणून तर नाही म्हणणं जड जात होतं. कुलूपरावांना हे घर सोडायचं नव्हतं. का, ते त्यांना सांगता येत नव्हतं. ‘इथे सगळं जागच्या जागी आहे,’ एवढंच ते म्हणत. शेवटी दोघांत ठरलं. टाके निघेपर्यंत त्यांनी एकट्याने राहून दाखवायचं. एकदा जरी स्टुलावर चढलेले किंवा पायावर उभे राहिलेले सापडले, तर मुकाट्याने बॅग भरायची. जाताना लेक स्टूलच घेऊन गेली, आणि वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंना, सगळे त्यांना सिस्टर म्हणत, सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवायला सांगून गेली.

घरात फिरायला चाकाची खुर्ची होती. बायको शेवटचं दीड वर्ष त्याच खुर्चीत होती. ती गेल्यावर खुर्ची परत द्यायची होती, ते राहून गेलं होतं.

पहिल्या सकाळी ते खुर्चीत बसून, हाताने चाकं फिरवत स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशी थांबले. चहाचा डबा वरच्या फळीवर. साखरेचा त्याच्या शेजारी. मीठ, काडेपेटी, पातेली, सगळी फौज वर. तिथे ठेवणारे तेच. बायको खुर्चीला खिळली तेव्हा तिने घरातली प्रत्येक वस्तू खाली उतरवून घेतली होती. ओट्याखाली डबे, बुटक्या टेबलावर शेगडी. दीड वर्ष ते कुरकुरत राहिले, की हे घर आहे का गोदाम. ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात लोक समाचाराला येत होते आणि हे स्टुलावर उभे राहून एकेक वस्तू मूळ जागी चढवत होते. लोक म्हणाले, कामात मन रमवतायत बिचारे. घर पुन्हा घरासारखं झालं म्हणून त्यांना बरंही वाटलं होतं. आता ते त्याच घरात मान वर करून बसले होते.

चार दिवस त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. लेक डबा पाठवायची, तो खायचा आणि वर पाणी प्यायचं. चहा सोडलाय, असं त्यांनी सिस्टरना सांगितलं. डॉक्टरांनी पायाबरोबर तोही कापला का, असं विचारून त्या गेल्या.

पाचव्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला, संध्याकाळी येतेय. लेक आली आणि चहा नाही, तर तिला सगळं कळणार. कुलूपरावांनी काठी घेतली, चहाच्या डब्यामागे घातली आणि अलगद ओढली. डबा आला. साखरेचाही आला.

सिस्टर आल्या तेव्हा ते खुर्चीत वाकून केरसुणीने साखर गोळा करत होते. केसात चहा होता. सिस्टरनी आधी पट्टीवर रक्त आहे का ते पाहिलं, मग डबे पाहिले, मग फळी.

“स्टूल नसताना हे,” त्या म्हणाल्या. “असतं तर भिंत पाडली असती.”

लेकीला सांगू नका, असं ते म्हणाले. जे दिसलं ते मी सांगणार, असं सिस्टर म्हणाल्या आणि केरसुणी त्यांच्या हातातून काढून घेतली. त्या झाडत असताना कुलूपराव वरची फळी बघत होते. मग म्हणाले, “सिस्टर, हे सगळं परत खाली काढायला हवं.”

“काढू की. कुठे काय होतं, सांगा.”

कुलूपरावांनी तोंड उघडलं. दीड वर्ष रोज त्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या वीस-पंचवीस वस्तू, आणि त्यांना एकीचीही जागा सांगता येईना.

“आठवत नाही,” ते म्हणाले.

सिस्टरनी या वेळी टोमणा मारला नाही. “थोडं पुढे या,” त्या म्हणाल्या. “आता ओट्याखाली बघा.”

ओट्याखालच्या फळीच्या आतल्या कडेला कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. उभ्या माणसाला त्या कधीच दिसल्या नसत्या. अक्षर बायकोचं. वस्तू: चहा. जागा: इथे. कमीत कमी साठा: दोन माणसांपुरता. पुढे साखर, मीठ, काडेपेटी. ‘त्यांच्या गोळ्या’ अशीही एक होती. तुम्ही फिरायला गेलात की आम्ही लिहीत बसायचो, असं सिस्टर सांगत होत्या. ती हसायची इतकी, की हात हलायचा, म्हणून अक्षर असं.

शेवटची पट्टी कोपऱ्यात होती. वस्तू: कुरकुर. जागा: दाराजवळची खुर्ची. साठा: भरपूर, संपत नाही.

दाराजवळची खुर्ची त्यांची होती. कुलूपरावांनी पट्टी दोनदा वाचली आणि चष्मा काढून पुसला. काचेवर साखर उडालीय, म्हणाले.

“उडाली असेल,” सिस्टर म्हणाल्या, आणि वरून एकेक डबा काढून त्यांच्या हातात देऊ लागल्या. ते पट्टी बघून ठेवत गेले. शेगडीही पुन्हा बुटक्या टेबलावर आली.

संध्याकाळी लेक आली ती मोठी रिकामी बॅग घेऊन. वरच्या फळ्या मोकळ्या आणि सगळा संसार खाली, हे पाहून ती दारातच थांबली.

“स्टूल कुणाचं आणलंत, बाबा?”

सिस्टरनी काढून दिलं, एवढं सांगून त्यांना सुटता आलं असतं. पण हिशेबात खोट ठेवायची सवय नव्हती. “काढलं सिस्टरनी. पण त्याआधी डबे मी पाडले, काठीने. चार दिवस चहा नव्हता. पाय टेकला नाही.”

“काय ठरलं होतं आपलं?”

“स्टुलाचं ठरलं होतं. काठीचं काही ठरलं नव्हतं.”

लेकीने कपाळाला हात लावला आणि बॅगेची चेन उघडली. तेव्हा ते म्हणाले, “भरायची तर भर. त्याआधी इथे खाली बस आणि हे वाच.”

ती खुर्चीजवळ उकिडवी बसली. पहिल्या पट्टीपासून वाचत कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथे मोठ्याने हसली. ते हसू थांबायला वेळ लागला, आणि थांबलं तेव्हा ते हसू राहिलं नव्हतं. कुलूपरावांनी बसल्या जागेवरून हात लांबवून चहाचा डबा घेतला. तळाशी थोडा उरला होता. आधण ठेवलं.

चहा झाल्यावर लेक उठली. “टाके निघाल्यावर बघू,” ती म्हणाली.

हा शब्द त्यांना चांगला ओळखीचा होता. “बॅग?” त्यांनी विचारलं.

लेकीने इकडेतिकडे पाहिलं, चेन लावली, टाचा उंचावल्या आणि बॅग सर्वांत वरच्या फळीवर सारली. तिथे आता जागाच जागा होती.