न उठलेली गाठ

"हात सैल सोड गं. मी काय तुझा गळा धरतेय?" नर्स म्हणाली.

"धरलास तरी हाती काय लागणार, ताई?" धाकटी हसली आणि हसता हसता खोकत सुटली.

नर्सने बहिणीचा काटकुळा हात टेबलावर उताणा ठेवला. परवा याच जागी तिने टीबीच्या चाचणीचं औषध टोचलं होतं, कातडीच्या अगदी वरच्या थरात. टोचल्यावर मटाराएवढा फुगवटा आला आणि जिरून गेला. अंगाला त्या जंतूंची ओळख असेल, तर दोन-तीन दिवसांत तिथे टणक गाठ उठते. लालीला कुणी विचारत नाही, मोजायचा तो टणकपणा. असे कितीतरी हात चाचपण्यात नर्सचं आयुष्य गेलं होतं. आज मात्र बोट कुठेही अडलं नाही.

"काहीच नाही ना?" धाकटीचा चेहरा फुलला. "मग घेऊ माझ्या पोरीला? किती दिवस लांबूनच बघतेय गं. मला विसरेल ती."

नर्सने तिचा हात सोडला. "आलेच," म्हणून ती बाहेर गेली.

बाकावर आई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. लेकीला पाहताच ती कुजबुजली, "उठली नाही ना गाठ? दोन्ही रात्री ती झोपल्यावर बर्फ चोळला मी. गाठच उठली नाही तर टीबी कुठून निघणार?"

हसावं की रडावं, नर्सला कळेना. "बर्फानं काही होत नसतं, आई. गाठ उठायलासुद्धा अंगात बळ लागतं. तिच्यात तेवढंही उरलं नसावं. आता छातीचा फोटो काढू, थुंकी तपासू. पण बाळ इतक्यात नको. हे तिला कुठल्या तोंडानं सांगू मी?"

नातीचं टोपडं सारखं करून आईने बाळ नर्सच्या हातात दिलं आणि स्वतः आत गेली.

"बाळाला आज नाही घ्यायचं," ती म्हणाली. "तुझी चाचणी वाया गेली. मीच घालवली. रात्री बर्फ चोळत होते तुझ्या हाताला."

"अक्कल आहे का तुला, आई?" धाकटी ओरडली. खोकल्याने तिचं तोंड लाल झालं. "म्हणजे पुन्हा वाट बघत बसायचं? ताई, खरंच बर्फामुळे गं?"

नर्स बाळाला घेऊन दारातच थांबली होती. हाताला लागलं तेच सांगायचं, हा तिचा आजवरचा शिरस्ता. तिने आईकडे पाहिलं. आई खाली बघत होती.

"हो," नर्स म्हणाली. "आईनंच सगळा घोळ घातला."

"माझंच चुकलं बाई," आई म्हणाली आणि धाकटीची वर सरकवलेली बाही खाली ओढू लागली.

"हात नको लावूस मला!"

आईने हात मागे घेतला. बाही अर्धीच खाली आली होती.