डोळ्यातला कृमी

बेळ्ळंदूरच्या तळ्यातल्या माशाचा पांढरा पडलेला डोळा उपेंद्रने फोडला, आतला भाग काचपट्टीवर पसरला आणि सवयीने डावा डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. दिसलं ते नुसतं धुकं. उजवा लावला, तर कृमी लख्ख वळवळत होते, चपटे, पानासारखे.

त्याच्या हातातला चिमटा गळून पडला.

अठ्ठावन्न साल. माशांच्या अंगातले चपटे कृमी ओळखायचे, त्यांची जात ठरवायची, हीच बंगळूरच्या मत्स्यखात्यातली त्याची नोकरी. हे कृमी माशाच्या डोळ्यात शिरून त्याला आंधळा करतात. माणसाच्या वाटेला जात नाहीत, हे त्यानेच कितीदा कोळ्यांना समजावलं होतं. पण हात तर रोज त्याच पाण्यात!

घरी जेवताना डावीकडचं ताकाचं भांडं कोपराने उलटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"अहो, दिसत नाहीये का तुम्हाला?" कल्पनाने विचारलं.

"किडा शिरलाय गं डोळ्यात. माशांचा."

मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणारी त्याची बायको हसली नाही. "सरी, बरं, मग आधी डॉक्टरकडे चला."

डॉक्टर हयवदन धारवाडकडचे. त्यांनी दिवा धरून बराच वेळ पाहिलं. "किडाबिडा काही नाही, उपेंद्रराव."

उपेंद्रने श्वास सोडला.

"काचबिंदू आहे. डावा गेला, तो परत येत नाही. उजव्यात थेंब घालत राहू. किती टिकेल, आत्ता सांगवत नाही."

किडा निघाला असता तर बरं, असं त्याला वाटून गेलं.

साहेबांची परवानगी काढून तो कल्पनाला प्रयोगशाळेत घेऊन आला. उजव्या डोळ्याला ताण नको, म्हणून आकृत्या ती काढणार होती.

"काय दिसतं?"

"स्वल्प थांबा... पान आहे. हलतंय. एक वाटी तोंडाशी, एक पोटावर."

"ते चूषक, चिकटून राहायला. पोटावरच्याच्या मागे काही उंचवटा?"

"आहे की. तिळाएवढा."

"नीट बघ. त्यावरूनच कूळ ठरतं."

कल्पनाने कागद पुढे ओढला. पेन्सिलीची खरखर सुरू झाली. तिच्या मागे, स्टुलाची कड घट्ट धरून, उपेंद्र दोन्ही डोळे मिटून उभा होता.