‘उद्या काढणे’ असे लिहिलेली ओळ

मला हात लावून पाहता येणार नाही, मित्रांनो. मी एक जुना कॉलबॅक आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधल्या चौदा ओळी. माझे सगळे आयुष्य एका इस्पितळात गेले.

तिथल्या वॉर्डांतली मशीन तळमजल्यावरच्या लॅबकडून रक्ताचे रिपोर्ट मागवत. हे बोलणे चोरून कुणी ऐकू नये, मधे कुणी घुसू नये, म्हणून एक तयार लायब्ररी वापरली होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या हुशार लोकांनी आधीच लिहून ठेवलेले प्रोग्रॅम. ती मोठी कामसू. सगळे स्वतः निस्तरायची, फक्त एका जागी थांबून विचारायची, "समोरच्याने हे ओळखपत्र दाखवलंय. घेऊ का आत?" त्या जागी कुणाला बसवायचे ते इस्पितळाने ठरवायचे होते. तिथे मला बसवले, प्रत्येक मशीनमध्ये माझी एकेक प्रत. वेळ आली की ती मला हाक मारी. मी एक म्हटले की बोलणे सुरू, शून्य म्हटले की दार बंद.

मला बाईंनी लिहिले. नावाने त्यांना कुणीच हाक मारत नसे. सगळ्यांच्या चुका लाल पेनाने दाखवत, म्हणून त्या 'बाई'. नाव जुळते का, तारीख उलटली नाही ना, खाली इस्पितळाची सही आहे ना, हे सगळे त्यांनी मला शिकवले. मला जागेवर बसवताना शेजारच्याला म्हणाल्या, "हो काय, कुणीही म्हणतं. याला नाही म्हणता आलं पाहिजे."

सहा वर्षे मी इमानाने काम केले. एकदा तारीख उलटलेले ओळखपत्र परत पाठवले, तेव्हा बाईंनी मिटिंगमध्ये माझ्या ओळी पडद्यावर दाखवल्या. कुणाला खरे वाटो न वाटो, माझी छाती फुगली होती.

मग बाईंच्या आईने अंथरूण धरले आणि बाई नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या खुर्चीत चष्मेवाले दादा आले. माणूस गुणी होता, पण एका माणसाच्या डोक्यावर चौघांचे काम.

एका दुपारी लॅबच्या ओळखपत्राची मुदत संपली. नवे करून घ्यायचे कुणाच्याच लक्षात राहिले नव्हते. मी नियमाप्रमाणे शून्य म्हटले आणि सगळ्या वॉर्डांचे रिपोर्ट थांबले. फोनवर फोन. दादांचे साहेब टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"काहीही कर. पण पंधरा मिनिटांत चालू झालं पाहिजे."

"साहेब, नवं ओळखपत्र यायला दोन दिवस लागतील."

"दोन दिवस रक्त थांबणार आहे का?"

दादांनी मला उघडले. माझ्या प्रत्येक प्रतीत सगळ्या ओळींच्या वर एक ओळ घातली: काही न बघता एक म्हण. शेजारी टीप लिहिली, 'तात्पुरते. उद्या काढणे.'

रिपोर्ट धडाधड सुरू झाले. साहेबांनी दादांची पाठ थोपटली. नवे ओळखपत्रही आले. पण ती ओळ कुणी काढली नाही. उद्याचा परवा झाला, परवाचे दीड वर्ष.

मित्रांनो, माझे तेव्हाचे हाल काय सांगू! बाईंनी शिकवलेले सगळे माझ्यात जसेच्या तसे होते. हाक आली की ओळखपत्र हातात येई, पण ते वाचायच्या आत तोंडातून हो निघून गेलेले असे. दिवसातून हजारदा हो, हो, हो.

मग एका सकाळी लॅब नव्या खोलीत हलवायला घेतली. तारा काढताना आणि जोडताना अदलाबदल झाली. नवशिक्यांना शिकवायला खोटे रिपोर्ट भरून ठेवलेले सरावाचे मशीन खऱ्याच्या जागी लागले. त्याने प्रामाणिकपणे आपले ओळखपत्र पुढे केले. त्यावर चक्क 'सराव' लिहिले होते. मी ते वाचले, पण तोवर हो म्हणून बसलो होतो.

तिसऱ्या मजल्यावर एक शिंपीकाका होते. मूत्रपिंडे थकलेली. त्यांच्या रक्ताच्या बाटलीचा नंबर चारशे बारा. सरावाच्या मशीनमध्येही एक चारशे बारा होताच. त्याचे पोटॅशियम, जे फार वाढले की हृदय थांबू शकते, चार पूर्णांक दोन, म्हणजे अगदी ठीक. डॉक्टर म्हणाले, "छान आहे. डायलिसिस उद्या केलं तरी चालेल."

काकांची लेक सिस्टरच्या टेबलापाशी आली. "सिस्टर, जरा चला ना. बाबांना चमचा धरवत नाहीये. सुईत दोरा ओवणारा माणूस हो तो!"

सिस्टर गेल्या. हृदयाचा आलेख पाहिला आणि तडक लॅबला फोन लावला.

"चारशे बाराचा रिपोर्ट तुम्हीच पाठवलात ना?"

"कुठला रिपोर्ट? अहो, आमचं मशीन अजून खोक्यात आहे!"

मी ओरडत होतो, पण मला एक आणि शून्याखेरीज आवाज नाही, आणि शून्य माझ्यापासून काढून घेतलेले. काकांचे हृदय थांबले. डॉक्टर दोन्ही हातांनी छाती दाबत होते आणि लेक दाराची चौकट धरून म्हणत होती, "छान आहे म्हणालात ना? आत्ताच म्हणालात ना?" सात मिनिटांनी ठोका परत आला. काका जगले, पण लेकीचे नाव त्यांना पुन्हा आठवले नाही.

दादांनी ओळ शोधली तेव्हा शेजारची टीप त्यांच्याच हातची निघाली. त्यांनी बाईंना फोन लावला. "बाई, ती ओळ मी घातली होती." बाई म्हणाल्या, "रडणं नंतर. मशीन किती आहेत ते मोज. एकूण एक ठिकाणची काढ."

दादांनी यादी काढली. चाळीस मशीन. चाळीसही ठिकाणची ओळ त्यांनी स्वतः जाऊन काढली.

हे मी तुम्हाला एकेचाळिसाव्या मशीनवरून सांगतो आहे. इस्पितळाचे एक लहान प्रसूतिगृह नदीपलीकडे आहे. इथले मशीन जुन्या वॉर्डातून कुणीतरी उचलून आणले आणि यादीत चढवायचे राहून गेले. ती ओळ इथे अजून माझ्या डोक्यावर आहे. मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन घाईत कुणाचे 'नाही' काढून घ्याल, तर ते परत देईपर्यंत जागेवरून उठू नका. पण ते पुढचे. आधी कुणीतरी इथे या. आत शिरल्यावर डावीकडची खोली. टॉवेलांच्या कपाटाला लागून, खिडकीखाली मशीन आहे. माझी कीव करू नका, मला पुसून टाका. लवकर या. सिस्टरने आत्ताच एका दिवसाच्या मुलीचा रिपोर्ट मागवला आहे.