आवाज गिळणारी जमीन

मी एक जुनी जमीन आहे. शेतातली नव्हे हं मित्रांनो, घरातली. बाटलीच्या तोंडाला बूच बसवतात ना, त्याच बुचाच्या भुग्यापासून मी बनले आहे. म्हणून या घरात मला सगळे ‘बूचबाई’ म्हणतात. नाव काही फार शोभिवंत नाही, पण हाक मारायला बरे आहे. मला मात्र कोणालाच हाक मारता येत नाही. त्यामुळे एकदा काय प्रसंग ओढवला, ते आठवले की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

माझा जन्म एका झाडाच्या सालीत झाला. ते झाड तोडत नाहीत. नुसती साल सोलतात आणि काही वर्षांनी त्याला नवी साल येते. माझ्या सालीचा भुगा झाला, तो तापवून दाबला गेला आणि त्याचे चौकोनी तुकडे कापले गेले. दाबले जाण्याची सवय मला तेव्हापासूनच आहे.

या घरात मी आजीसाठी आले. तिच्या खोलीत आधी गुळगुळीत फरशी होती. त्या फरशीवर घसरून आजीचे मनगट मोडले, तेव्हा तिच्या मुलाने हाय खाल्ली आणि मला आणले. मला बसवताना सुताराने बजावले होते की पाणी सांडले की लगेच पुसा, ऊन फार पडू देऊ नका, आणि जड कपाटाच्या पायांखाली चकत्या घाला, नाहीतर खड्डे पडतील. सर्वांनी माना डोलावल्या. चकत्या आणायच्या मात्र राहूनच गेल्या.

सुरुवातीची वर्षे माझी फार कौतुकात गेली. थंडीत आजीच्या तळव्यांना मी गार लागत नसे. तिचा चष्मा हातातून निसटला तरी फुटत नसे. सून शेजारच्या खोलीत शिवणयंत्रावर लोकांचे कपडे शिवत असे. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती सांगे, की बूचबाई आल्यापासून घर कसे शांत झाले आहे. मीही तेव्हा फुशारून जात असे.

पण त्या शांततेतच घोळ होता. फरशी होती तेव्हा आजीच्या काठीची टकटक घरभर ऐकू येई. यंत्र चालवता चालवता सून ओळखत असे, की आई आता खिडकीशी गेल्या, आता पलंगावर बसल्या. मुद्दाम उठून कोणी डोकावत नसे, कारण तशी गरजच पडत नसे. मी आले आणि टकटक बंद झाली, पण उठून बघण्याची सवय काही लागली नाही. आवाज नाही म्हणजे आई झोपल्या, असे सून धरून चालू लागली. ही चूक एकट्या माझ्या लक्षात आली होती, आणि मला तर तोंड नाही.

एका दुपारी आजी स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन पलंगाकडे निघाली. तिचा पाय लटपटला. ती कोसळली तेव्हा मी जितके दबता येईल तितके दबले. तिची हाडे वाचली. पण आवाज झाला तो उशी पडावी तेवढाच. काठी पलंगाखाली गेली, पाणी माझ्या सांध्यांत झिरपू लागले, आणि पलीकडे यंत्र घरघरत राहिले.

आजीने सुनेला हाक मारली, पण घशातून नुसता वारा आला. तिला दरदरून घाम फुटला होता. मग तिने पेला दाराकडे ढकलला. दाराबाहेर फरशी होती. तिथवर पेला पोहोचला असता तर खणखणला असता. तो गडगडत निघाला खरा, पण वाटेत कपाटाच्या जुन्या जागी माझ्या अंगावर खड्डा होता, त्यात जाऊन अडकला. मित्रांनो, तेव्हा मला माझीच घृणा आली. ही बाई माझ्या अंगावर प्राण सोडणार आणि भिंतीपलीकडे कळणारही नाही, या भीतीने मी गोठून गेले.

आजी पालथी झाली. तळवा माझ्यावर रोवून ती सरपटू लागली. मी घसरू देत नाही, तेवढाच माझा उपयोग. बोटभर सरके, थांबे, डोळे मिटे. ती थांबली की वाटे, संपले. शेवटी तिचा हात पेल्याला लागला आणि तिने तो उंबऱ्यापलीकडे लोटला. पेला फरशीवर खणखणला. यंत्र थांबले.

आजीच्या रक्तातली साखर फार उतरली होती. आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागले नसते, असे डॉक्टर म्हणाले.

ती बरी होऊन घरी आली तोवर माझे काही तुकडे पाण्याने फुगून वर आले होते. मुलाने सुताराला बोलावले. मुलगा चिडून त्याला म्हणाला, “सगळी उखडून टाका. माणूस पडलं तरी इथं ऐकू येत नाही.”

मी धास्तावले. उखडले जाण्याचे दुःख होतेच, पण आजी पुन्हा पडली तर फरशीवर पडेल, याची भीती जास्त होती.

आजी पलंगावरून हळूच म्हणाली, “तिनं मला झेललं रे. ऐकायचं काम तिचं नाही.”

मुलाने सुताराला फुगलेले तुकडे दाखवले. सुनेने मान खाली घातली. सुताराने फुगलेले तेवढेच तुकडे बदलले.

आता सून हातातले शिवण बाजूला ठेवून मधूनमधून दारात येते. कधी गिऱ्हाईक आले की तिला यायला वेळ होतो. तेव्हा आजी नुसती झोपली आहे हे दिसत असूनही माझा जीव टांगणीला लागतो.

मित्रांनो, माझ्यावर सांडलेले पाणी पुसा, कपाटाखाली चकत्या घाला, मला बरेच वाटेल. पण घरातल्या एखाद्या खोलीतून बराच वेळ काहीच ऐकू आले नाही, तर ती शांतता चांगली मानून बसू नका. मी पडलेल्याला झेलीन. उठून दारापर्यंत यायचे मात्र तुम्हालाच आहे.