या वर्षी मिरज नाही

तंबूची तिसरी काठी कुठे घालायची ते गुरुदत्तला अर्धा तास झाला तरी कळेना. हॅनोव्हरमधल्या त्यांच्या इमारतीच्या मागच्या अंगणात, सायकली ठेवायच्या छपराशेजारी, निळ्या कापडाचा मोठा ढीग पसरला होता आणि त्याच्याभोवती तो गुडघ्यांवर रांगत होता. धाकटी उर्जा, दहा वर्षांची, सूचनांचा कागद घडाघडा वाचत होती. कागद जर्मनमध्ये होता, आणि अठरा वर्षं या देशात काढूनही गुरुदत्तचं जर्मन कारखान्यातल्या मोजमापांच्या शब्दांपलीकडे फारसं गेलेलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून अरुंधती कधीची बघत होती. शेवटी ती म्हणाली, "अहो, ते उलटं तर नाही ना धरलंय? शिवण बाहेर दिसतेय."

खरंच उलटं होतं. सगळं पुन्हा सोडून त्याने नव्याने सुरुवात केली. तासाभराने तंबू उभा राहिला, जरा एका अंगाला कललेला. उर्जा आत जाऊन आडवी झाली. गुरुदत्तही तिच्याशेजारी जाऊन पडला. आत कापडाचा आणि जुन्या गवताचा वास होता. कापडातून येणाऱ्या निळ्या उजेडात तो इतका वेळ पडून राहिला, की तळमजल्यावरच्या शेजारीणबाई कचरा टाकायला आल्या तेव्हा त्याचे तंबूबाहेर आलेले पाय बघून त्यांनी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं.

तंबू होल्गरचा होता, उसना आणलेला. होल्गर आणि गुरुदत्त एकाच खोलीत काम करायचे. कारखान्यात तयार झालेले सुटे भाग त्यांच्या टेबलावर यायचे, आणि ते आराखड्याबरहुकूम आहेत की केसभर कमीजास्त आहेत ते तपासून द्यायचं, हे गुरुदत्तचं काम. मे महिना आला की खोलीत सुट्टीच्या गप्पा सुरू व्हायच्या. कोण क्रोएशियाला, कोण डेन्मार्कला. होल्गर दर वर्षी बायकोमुलांना गाडीत घालून रॉस्टॉकहून बोटीने स्वीडनला जायचा आणि तळ्याकाठी तंबूत राहायचा. तो विचारायचा, "गुरू, तू?" गुरुदत्त म्हणायचा, "इंडिया." सगळे म्हणायचे, वा, छान. ते छान कसलं असतं हे त्याने कधी समजावून सांगितलं नाही.

दर उन्हाळ्यात चार आठवडे. विमान, मुंबई, मग रेल्वेने मिरज. तिथे त्याची आई, उल्काबाई, प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात एकटी राहायची. गुरुदत्त एकुलता एक. वडील तो कॉलेजात असतानाच गेलेले. चार आठवड्यांत तिच्या मोतीबिंदूपासून गॅसच्या शेगडीपर्यंत वर्षभराची सगळी कामं उरकायची. अरुंधतीचे आईवडील होते तोवर मधले आठ दिवस पुण्याला. मुली आजीच्या मागे मागे बाजारात जायच्या. परतताना आई दारात उभी राहायची आणि रिक्षा वळेपर्यंत आत जायची नाही. हॅनोव्हरला आल्यावर सुट्टी संपलेली असायची आणि तो जाताना होता त्याहून थकलेला असायचा.

तरीही दर वर्षी स्टेशनजवळच्या प्रवासी कचेरीतून तो बोटींची माहितीपत्रकं घेऊन यायचा. वेळापत्रकं बघायचा, बोटीत गाडी कशी चढवतात त्याची चित्रं बघायचा. अरुंधती विचारायची, "या वर्षी?" तो म्हणायचा, "या वर्षी मिरज. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी तो हे वाक्य पुन्हा म्हणायचा, आणि त्यात त्याला खोटं काही वाटायचं नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये उल्काबाई गेल्या. फोन आला तेव्हा त्या इस्पितळात होत्या. गुरुदत्त चार तासांत निघाला. थोरली तनया तेव्हा अठरा वर्षांची होती. मीही येते म्हणून ती बूट घालून दारात उभी राहिली. तिची परीक्षा तोंडावर होती. तो म्हणाला, "तू येऊन काय करणार? परीक्षा दे." ती बूट काढून खोलीत गेली. उन्हाळ्याच्या आधीच त्याची रजा संपली, म्हणून त्या वर्षी कोणीच गेलं नाही. या वर्षी फेब्रुवारीत वर्षश्राद्धाला तो पुन्हा एकटाच गेला, भांडी शाळेतल्या शिपाईणबाईंना दिली, कपाट शेजाऱ्यांना दिलं, आणि घराची किल्ली मालकांच्या हातात देऊन आला.

म्हणजे २००८चा उन्हाळा हा पहिला असा होता, की ज्यात रजा हातात होती आणि त्यांना कुठेच जायचं नव्हतं.

मे महिन्यात होल्गरने नेहमीप्रमाणे विचारलं, आणि गुरुदत्त म्हणाला, "स्वीडन." ते आपण म्हणालो याचं त्यालाच नवल वाटलं. त्या संध्याकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. रॉस्टॉकहून सकाळची बोट, सहा तासांत पलीकडचा किनारा, मग तीन तास गाडीने तळं. जुलैचा तिसरा आठवडा. अरुंधतीने प्रेशर कुकर छोट्या गॅसवर बसेल का ते विचारलं, मग तळ्याच्या पाण्यात आंघोळ करायची असते का, आणि शेवटी म्हणाली, "जमिनीवर झोपायला इतक्या लांब जायचं. मिरजेला गच्चीवर झोपायचोच की आपण." हे बोलल्यावर ती नकाशाचा दुमडलेला कोपरा सरळ करत बसली.

तनया तोवर ताटाकडे बघत जेवत होती. तिची शाळा संपली होती, ऑक्टोबरपासून ती आखेनला शिकायला जाणार होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ती जर्मनमध्येच द्यायची. तिने शांतपणे सांगितलं की ती येणार नाही. तिला मिरजेला जायचं आहे.

गुरुदत्त म्हणाला, "तिथे आता काही नाही, तनू. घर सोडलं आपण."

"आपण नाही," ती जर्मनमध्येच म्हणाली. "तुम्ही सोडलंत. घर सोडून झाल्यावर मला सांगितलंत."

भाड्याचं घर होतं, रिकामं किती दिवस ठेवणार, असं काहीतरी तो म्हणाला. तनयाने तिचं ताट उचललं, विसळून ठेवलं आणि ती खोलीत गेली. नकाशा टेबलावर तसाच राहिला. उर्जाने विचारलं, "आपण जाणार ना पण?"

पुढचे दोन आठवडे घरात स्वीडनचा विषय निघाला नाही. मात्र गुरुदत्त रोज संध्याकाळी काहीतरी घेऊन यायचा. एक दिवस कंदील, एक दिवस चार निळे पेले, एक दिवस डासांचं मलम. ते सगळं तो कपाटाशेजारी रचून ठेवायचा. एका शनिवारी अरुंधती तनयाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ती काय बोलली ते गुरुदत्तला पुढे तिनेच सांगितलं. तिने तनयाची समजूत घातली नव्हती. ती एवढंच म्हणाली होती, की तुझे बाबा आयुष्यात एकदाही नुसते फिरायला म्हणून कुठे गेलेले नाहीत. लग्नानंतरसुद्धा आम्ही आजीचं ऑपरेशन होतं म्हणून मिरजेतच राहिलो. डिसेंबरमध्ये तुला मिरजेला जायचं तर जा, मी तिकीट काढून देते. पण हे सहा दिवस त्यांना दे.

तनया सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात आली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "बरं तर, सहा दिवस." गुरुदत्त डबा भरत होता. तो फक्त बरं म्हणाला, आणि डबा न घेताच कामावर गेला.

निघायच्या दिवशी ते पहाटेच उठले. गाडी इतकी भरली होती, की उर्जाच्या पायाखाली पोह्यांची पिशवी आणि मांडीवर कुकर होता. रॉस्टॉकच्या धक्क्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. पिवळं जाकीट घातलेल्या माणसाने हाताने खूण केली आणि गुरुदत्तने गाडी बोटीच्या पोटात घातली. लोखंडी पत्र्यावर चाकं खडखडली. इतक्या वर्षांची चित्रं डोळ्यांसमोर असूनही आतला अंधार आणि तेलाचा वास त्याला कोणी सांगितला नव्हता. तो मागे वळून म्हणाला, "बघितलंत?" उर्जा कुकरवर डोकं ठेवून झोपली होती. तनया खिडकीतून बाहेर बघत होती.

वरच्या डेकवर वारा होता. बोट सुटली, किनाऱ्यावरच्या उंच क्रेन हळूहळू लहान झाल्या. अरुंधती आणि उर्जा आत खुर्च्यांवर बसल्या. गुरुदत्त कठड्याशी उभा राहिला. बऱ्याच वेळाने तनया येऊन शेजारी उभी राहिली. मग तिने विचारलं, आणि मराठीत विचारलं, शब्द जुळवत, "आजी माझी वाट बघत होती का?"

हा प्रश्न सव्वा वर्ष घरात होता हे गुरुदत्तला ठाऊक होतं. हो-नाही करून टाळता आलं असतं. तो म्हणाला, "मी पोचलो तेव्हा शुद्धीवर होती. मला बघितलं आणि विचारलं, तनू आली का?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"येतेय म्हणालो. मागून येतेय."

तनयाने दोन्ही हातांनी कठडा धरला.

"दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. ती म्हणाली, मग तिच्यासाठी भात ठेवा. दुपारी गेली."

वाऱ्याने तनयाचे केस तोंडावर येत होते, ते तिने बाजूला केले नाहीत. ती म्हणाली, "मी आले असते."

"हो," गुरुदत्त म्हणाला. "मी यायला द्यायला हवं होतं. चुकलं माझं."

आयुष्यात पहिल्यांदाच तो मुलीला असं काही म्हणत होता. तनयाने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण ती आतही गेली नाही. पलीकडचा किनारा दिसेपर्यंत ती तिथेच होती. मध्ये एकदा तिने विचारलं की भात ठेवला होता का. तो म्हणाला, शेजारच्यांनी ठेवला होता.

तळं होल्गरने सांगितलं होतं तसंच निघालं. काळसर, स्वच्छ, भोवती पाइनची झाडं आणि मधोमध एक छोटं बेट. तंबू पहिल्या फटक्यात उभा राहिला. कुकर छोट्या गॅसवर बसला, पण शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या तंबूतून तीन माणसं धावत बाहेर आली. अरुंधतीने त्यांना हाताने शांत केलं आणि नंतर वाटीवाटी खिचडी नेऊन दिली. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. तनया पाण्यात पोहून आली आणि ओल्या केसांनी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली, लहानपणी पडायची तशी. गुरुदत्त घडीच्या खुर्चीत बसून होता. करायला काहीच नव्हतं. दुपारचे दोन वाजले की मात्र तो घड्याळ बघायचा. रविवारी दोनला मिरजेचा फोन असायचा. आज रविवार नव्हता, तरी तो बघायचा.

चौथ्या दिवशी उर्जाने होडीचा हट्ट धरला. छावणीच्या मालकीणबाई, साठीच्या, लहान वल्ह्यांच्या होड्या भाड्याने द्यायच्या. चौघांत एक मोठी होडी घ्यायची ठरलं. तनयाला शाळेत वल्हवायला शिकवलं होतं. अरुंधतीला पोहता येत नव्हतं, पण तिने सगळ्यांच्या आधी नारिंगी जाकीट घातलं, पट्टे घट्ट केले, आणि म्हणाली, "आता कोणी नको म्हणू नका."

मालकीणबाईंनी एक कागद भरायला दिला. नाव, गाडीचा नंबर, किती तास. शेवटच्या ओळीत, काही झालं तर कोणाला कळवायचं त्याचं नाव आणि फोन. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवून मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, की ही व्यक्ती होडीत असता कामा नये.

गुरुदत्तने पेन टेकवलं. हात आपसूक वळला आणि आईच्या नावाचं पहिलं अक्षर लिहून झालं. मग तो थांबला.

अरुंधतीने ते पाहिलं. ती हळूच म्हणाली, "होल्गरचा नंबर आहे ना तुमच्याकडे? तो लिहा."

होल्गरने आनंदाने चालवून घेतलं असतं. गुरुदत्तने फोन काढला, नंबर शोधला, आणि परत बंद केला. त्याने त्या अक्षरावर एक सरळ रेघ मारली आणि पुढे स्वतःचं नाव लिहिलं, त्याखाली स्वतःचा नंबर.

"मी थांबतो इथे," तो म्हणाला. "तुम्ही जाऊन या."

उर्जा कुरकुरली. बाबा, तुम्हालाच तर यायचं होतं, असं ती म्हणाली. अरुंधतीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि उर्जाचा हात धरला. तनयाने कागदावर नजर टाकली. जाता जाता तिने स्वतःचा कोरडा स्वेटर त्याच्या हातात दिला.

त्याने होडी ढकलून दिली. पाणी बुटांत शिरलं. पुढे उर्जा, मध्ये दोन्ही कडा घट्ट धरलेली अरुंधती, मागे तनया. सुरुवातीला होडी दोनदा गोल फिरली, मग तनयाला अंदाज आला आणि ती सरळ जाऊ लागली. तिघींचं बोलणं पाण्यावरून काही वेळ स्पष्ट ऐकू येत होतं. मग नुसते आवाज. मग तेही नाही.

मालकीणबाई मागून म्हणाल्या की तास-दीड तास लागेल, आत येऊन कॉफी घ्या. त्याने मान हलवली आणि तो धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. तीन नारिंगी ठिपके बेटाच्या बाजूने वळले आणि झाडांमागे गेले. त्याने फोनला रेंज आहे का ते पाहिलं. होती. फोन खिशात न ठेवता तो हातात धरून तिथेच उभा राहिला.