मागच्या चाकांचा मोठेपणा

कळसाडीच्या रूपचंद पाटलांनी चौसष्ट साली मोटार घेतली, तेव्हा गावात कुणालाच फारसं नवल वाटलं नाही. कापूस, केळी, ऊस, सगळं पिकवणारा माणूस, घेणारच. नवल वाटलं ते मोटार गावात शिरल्यावर. सुरतेचे एक डॉक्टर कायमचे विलायतेला निघाले होते आणि त्यांची ही विलायती गाडी रूपचंदभाईंनी घेतली होती. ती इतकी बुटकी होती की कुंपणापलीकडून येताना नुसतं छप्पर सरकताना दिसलं. चाकं दहा इंची. गोठ्यातल्या म्हशीने मान खाली करून तिच्याकडे पाहिलं.

तापीबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पदर सावरत गाडीभोवती एक फेरी मारली आणि नवऱ्याला गंभीरपणे विचारलं, "गाडी बरी शे. पन मोठी कव्हय व्हई?"

गाडी मोठी कधी होणार, या प्रश्नावर रूपचंदभाई हसले नाहीत. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की या गाडीची पुढची चाकं गाडी ओढतात, मागची नुसती सोबत करतात, आणि अशी गाडी जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही. हे ते भेटेल त्याला सांगत होते. ऐकणारा मान डोलवायचा आणि पुन्हा चाकांकडेच बघायचा.

अडचण निघाली ती गावच्या रस्त्याची. रस्ता बैलगाड्यांचा. दोन खोल चाकोऱ्या आणि मध्ये मातीचा उंचवटा. बैलगाडीची चाकं एकमेकांपासून लांब, या गाडीची जवळ. त्यामुळे एका बाजूची चाकं चाकोरीत उतरायची, दुसऱ्या बाजूची उंचवट्यावर चढायची आणि गाडीचं पोट काठावर घासत जायचं. तापीबाई त्या घासण्याच्या आवाजाला गाडीचं कण्हणं म्हणायच्या. रूपचंदभाई तालुक्याला, शहाद्याला, जाऊन आले की त्या आधी गाडीची विचारपूस करायच्या, मग नवऱ्याला पाणी द्यायच्या.

शेवटी रूपचंदभाईंनी चाकं मोठी करायचं ठरवलं. शहाद्यात भाईदास मिस्तरीचं वर्कशॉप होतं. ऑइल इंजिनं, ट्रक, जे येईल ते तो दुरुस्त करायचा. त्याने भंगारातल्या एका जुन्या मोटारीच्या तेरा इंची रिंगा काढल्या, मध्ये या गाडीच्या भोकांच्या मापाच्या नव्या चकत्या वेल्डिंग करून बसवल्या आणि त्यांवर टायर चढवले. दोन चाकं आधी पुढे लावून पाहिली. सरळ जाताना गाडी छान उंच दिसली. पण स्टिअरिंग फिरवलं की टायर मडगार्डला जाऊन भिडायचे. म्हणजे गाडी चालणार, पण वळणार नाही. पुढे दहा इंचच राहणार, असं भाईदासने हात पुसत सांगितलं.

तिथे रूपचंदभाईंचे मित्र जालमसिंग हजर होते. माणूस धिप्पाड, स्वतःचा ट्रॅक्टर असलेला, त्यामुळे चाकांच्या बाबतीत त्यांचा शब्द वजनदार. ते म्हणाले, "मन्हा ट्रॅक्टरनं मांगलं चाक मोठं शे. ते बनाडनारा येडा शे का?"

ट्रॅक्टरची मागची चाकं गाडी ढकलतात आणि इथली मागची नुसती फिरतात, असं रूपचंदभाईंनी सांगून पाहिलं. त्यावर जालमसिंगांचं म्हणणं असं की फिरायचंच आहे तर मोठी चाकंही फिरतील, आणि निदान अर्धी गाडी तरी वर उचलली जाईल. भाईदासलाही ते पटलं. रिंगा तयार होत्या, टायर चढलेले होते, कुठेतरी लावायला हवेच होते. त्याने मागच्या मडगार्डचे काठ ठोकून वर वळवले आणि चाकं बसवली.

गाडी घरी आली तेव्हा तापीबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. मागून उंच, पुढून नाक खाली, अशी ती त्यांच्यासमोर येऊन थांबली. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"मन्हा पाया पडी ऱ्हायनी का ही?" त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात उचलून गाडीला आशीर्वाद दिला.

रूपचंदभाई दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पण गाडीत बसलं की माणूस सीटवरून पुढे घसरायचा, हे त्यांनाही कळत होतं. नाक खाली गेल्याने आता इंजिनाची तळबाजूच उंचवट्यावर आपटत होती. तरी चाकं उतरवायची म्हणजे बायकोपुढे हार मानायची. ते म्हणायचे, थोडी सवय होऊ दे. सवय कुणाला, गाडीला की आपल्याला, असं तापीबाई विचारायच्या.

याच सुमारास त्यांची मुलगी रंजना हिच्यासाठी म्हसावदच्या दगाभाईंकडून स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा शेतीत लक्ष घालणारा. मुलगी त्यांनी पाहिली होती, ती पसंतही होती. आता मुलीकडच्यांनी जाऊन घरदार बघायचं आणि बोलणी पक्की करायची. बैलगाडीने जाऊ, असं तापीबाईंनी सुचवलं. रूपचंदभाईंनी ऐकलं नाही. दारात मोटार असताना बैलगाडीतून उतरलो तर लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. मोटारीतून उतरल्यावर काय म्हणतील याची काळजी तापीबाईंना होती, पण त्यांनी नवं लुगडं काढलं. जालमसिंग वडीलधारे म्हणून बरोबर निघाले आणि मागची सगळी सीट त्यांनी एकट्याने भरली.

म्हसावदपर्यंत सगळं ठीक झालं. दगाभाईंचं घर गावाच्या टोकाला, एका कोरड्या नाल्यापलीकडे होतं. गाडी नाल्यात उतरली. समोरचा चढ मोठा नव्हता, पण वाळूचा होता. रूपचंदभाईंनी पहिला गिअर टाकून गाडी सोडली. अर्ध्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली, वाळू उडाली आणि गाडी हळूच मागे घसरून खाली आली. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी तापीबाई दार उघडून खाली उतरल्या आणि कडेला उभ्या राहून बघू लागल्या. चढावर गाडीचं सगळं वजन मागे कलत होतं. ओढणारी चाकं हलकी पडत होती आणि नुसत्या सोबतीच्या चाकांवर जालमसिंग बसले होते.

तापीबाईंनी जालमसिंगांना पुढे बसून गाडीचं नाक जड करायची विनंती केली. जालमसिंगांनी फेटा नीट केला आणि बॉनेटवर बसायचा प्रयत्नही केला, पण चढ सुरू होताच ते घसरून वाळूत उभे राहिले. लग्नाच्या बोलणीला आलेल्या माणसाला हे शोभत नाही, असं म्हणून त्यांनी पुढे पायी जायचं ठरवलं.

रूपचंदभाई घामाने भिजले होते. त्यांना वाईट वाटत होतं ते गाडीचं नव्हे. मुलीचं काम होतं, आणि आपण हौसेपायी ते चेष्टेवर नेलं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तापीबाईंनी ते पाहिलं. एवढा वेळ त्यांच्या ओठांवर असलेलं बोलणं त्यांनी गिळलं.

"ओढनारं चाक खाले ऱ्हायनं पायजे ना?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मंग उलटी चढाडा."

मग नाल्याच्या तळाशी मागेपुढे करत रूपचंदभाईंनी गाडी वळवली, तिची पाठ चढाकडे केली आणि रिव्हर्स गिअर टाकला. आता नाक खाली होतं, वजन ओढणाऱ्या चाकांवर होतं. चाकांनी वाळू धरली. गाडी कुरकुरत, पण न थांबता, पाठमोरी चढ चढून गेली. वर गल्ली अरुंद, वळायला जागा नाही. त्यामुळे तशीच पुढे, म्हणजे मागे, निघाली. तापीबाई समोर चालत हाताने दिशा दाखवत होत्या, जालमसिंग बाजूने फेटा सावरत चालले होते आणि रूपचंदभाई मान मुरडून गाडी हाकत होते.

दगाभाईंच्या घरची मंडळी आवाज ऐकून ओट्यावर येऊन उभी राहिली होती. गाडीची पाठ आधी ओट्याला पोहोचली. मग दगाभाईंच्या पत्नी शोभाबाई पदर पुढे ओढून तापीबाईंना म्हणाल्या, "येवाना पहिलेच माघार का, पाव्हना?"

रूपचंदभाई स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले.

तापीबाई म्हणाल्या, "माघार कसानी? सासरले निंघेल पोर शे ती, विहीनबाई. मांगे देखी देखी चालस."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. बोलणी व्हायची होती, सुपारी फुटायची होती आणि आपण विहीनबाई म्हणून बसलो. त्यांनी जीभ चावली. शोभाबाई मात्र ओट्यावरून उतरून आल्या आणि त्यांनी तापीबाईंचा हात धरला. "आते म्हनीच टाकं ना," त्या म्हणाल्या, "मंग चाला घरमा." दगाभाई मोठ्याने हसले आणि गाडीचं दार त्यांनी स्वतः उघडलं. त्यानंतर बोलणीत अडण्यासारखं काही उरलंच नाही.

रूपचंदभाईंनी दुसऱ्याच दिवशी भाईदासकडे जाऊन मोठी चाकं उतरवली. चारी चाकं पुन्हा दहा इंची झाली, आणि त्यांतले कमी झिजलेले टायर त्यांनी पुढे लावले, कारण काम पुढच्यांना होतं. जालमसिंगांना हे आवडलं नाही, पण गावचा रस्ता सपाट करण्यासाठी ट्रॅक्टर द्यायला त्यांनी नकार दिला नाही. लग्नाआधी गावकऱ्यांनी मिळून मधला उंचवटा नांगरला, माती चाकोऱ्यांत ओढली, मुरूम टाकून दाबला. एवढ्याशा चाकांसाठी एवढा रस्ता, असं तापीबाई दहा जणांना सांगत फिरल्या आणि मुरूम टाकायला स्वतःही गेल्या.

लग्न पार पडलं. नंतर एका सकाळी दोघं शहाद्याला निघाली. रूपचंदभाई वाटेत बराच वेळ वाट बघत होते, की ही आता काहीतरी बोलेल. काहीच ऐकू येईना म्हणून त्यांनी वळून पाहिलं. तापीबाई खिडकीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. समोर खड्डा दिसला तेव्हा रूपचंदभाईंनी गाडी अगदी हळू केली आणि कडेकडेने पुढे नेली.