धुरपताबाईंचं रडणं

मित्रांनो, मी एक जुना पोशाख आहे. काळा, अंगाला घट्ट बसणारा, सगळीकडे चकाकते मणी शिवलेला. मला घालून माणूस अभिनय करतो, कॅमेरे ते मणी टिपतात आणि संगणकातलं चित्र तसंच हलू लागतं. माणूस मात्र पडद्यावर कुठेच दिसत नाही.

भंडाऱ्यातल्या एका लहान स्टुडिओत मी आलो. तिथल्या अश्वजितने सिनेमासाठी संगणकावर एक आजी घडवली होती. सुरकुती न् सुरकुती खरी, पण ती रडू लागली की प्रेताने तोंड वेंगाडल्यासारखं वाटे. शेवटी त्याने सिहोऱ्याहून धुरपताबाईंना आणलं. धान निघालं की गावोगावी होणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत त्या आईची भूमिका करत.

मला घालून, पदराशिवाय उभं राहायला बाई फार लाजल्या. मग त्यांना सिनेमातल्या आजीचा नातू नदीत बुडाल्याचा प्रसंग सांगितला. त्या खाली बसल्या आणि निजलेल्या लेकराला थोपटावं तशी जमीन थोपटत रडू लागल्या. त्यांची स्वतःची लेक गुड्डी तापाने गेली होती, हे त्यांनी नंतर सांगितलं.

सिनेमा गाजला. आजीचं कौतुक झालं, संगणकाचं झालं, थोडं माझंही झालं. बाईंचं नाव कुणी घेतलं नाही.

पुढच्या वर्षी त्या परत आल्या. पाणीसुद्धा न पिता सांगू लागल्या. नाटकात मेलेल्या लेकीजवळ बसून त्यांनी जमीन थोपटली, तर सगळा मंडप हसला. का, ते त्यांना कळेना. मग भावना नावाच्या शेजारणीने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. चप्पल हरवलेला, संगणकावर घडवलेला एक बोकड अगदी तसाच जमीन थोपटत रडत होता.

"बापू, ते माह्या गुड्डीचं रडनं आहे. काढून टाक."

अश्वजितने मान खाली घातली. "मावशी, सिनेमाच्या कंपनीनं ते रेकॉर्डिंग विकून टाकलं. आता कुठं कुठं गेलं, मलेबी माहीत नाही."

बाईंनी मला खुंटीवरून ओढलं आणि माझ्या बाहीचे मणी तोडू लागल्या, जणू ते रडणं त्यांतच अडकलं होतं. अश्वजितने अडवलं नाही. दोन-चार मणी तुटले, मग त्यांनी मला तिथेच टाकलं.

"घरी तिची याद आली तरी थोपटाले हात उठत नाही आता," त्या म्हणाल्या. "मले तो बोकडच दिसते."

त्यांनी नाटक सोडल्याचं पुढे कानावर आलं. माझ्या जागी नवा पोशाख आला आणि मी पोत्यात गेलो.

मित्रांनो, मला पोत्यातून कुणी काढलं नाही तरी चालेल. पण पडद्यावरचं चित्र खरोखरीचं रडलं, तर संगणकाला शाबासकी देण्याआधी एवढं विचारा, की रडलं कोण? लवकर विचारा. तो बोकड अजून रडतो आहे, आणि मुलं हसताहेत.